मंगळाच्या मुद्रेवरील इतिहास

१९७१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ‘मरिनर-९’ हे अमेरिकी यान मंगळाच्या कक्षेत दाखल झाले. पृथ्वीखेरीज अन्य एखाद्या ग्रहाभोवती प्रदक्षिणा घालू लागलेले हे पहिलेच मानवनिर्मित यान. परंतु ज्या ग्रहाचे नकाशे तयार करण्यासाठी ते एवढ्या दूर गेले होते, तो ग्रह त्याच्या दृष्टीस पडेना. संपूर्ण मंगळ धुळीच्या वादळाने झाकोळून गेला होता. कॅमेऱ्यासमोर होती ती केवळ एक कोरी चकती आणि तिच्यावर चार काळसर ठिपके.

त्याच सुमारास सोव्हिएत रशियाची ‘मार्स-२’ आणि ‘मार्स-३’ ही यानेही मंगळाजवळ पोहोचली. त्यांचा कार्यक्रम आधीच आखून दिलेला होता, त्यात बदल करण्याची सोय नव्हती. त्यांची अवतरण-याने त्या वादळातच खाली सोडली गेली. एक कोसळले, दुसरे उतरले खरे, पण त्याचे संदेश काही सेकंदांतच थांबले. मरिनर-९ ला मात्र थांबता आले. आठवडे लोटले, धूळ हळूहळू खाली बसू लागली आणि त्या चार ठिपक्यांचे रहस्य उलगडले. ते ठिपके म्हणजे धुळीच्या थरातून माथा वर काढून उभी असलेली चार ज्वालामुखींची शिखरे होती. धूळ आणखी खाली बसल्यावर त्यांच्या पूर्वेला हजारो किलोमीटर लांबीची एक दरी उघडी पडली. पुढे याच यानाच्या नावावरून तिला ‘व्हॅलिस मरिनेरिस’, म्हणजे मरिनरच्या दऱ्या, असे नाव देण्यात आले.

मरिनर-९ ने सात हजारांहून अधिक छायाचित्रे पाठवली आणि मंगळाविषयीची तोवरची समजूत पार बदलून टाकली. १८७७ साली इटालियन खगोलशास्त्रज्ञ शियापारेल्ली यांनी दुर्बिणीतून मंगळावर रेषा पाहिल्या होत्या आणि पुढे काहींनी त्या रेषांना बुद्धिमान प्राण्यांनी खोदलेले कालवे ठरवले होते. १९६५ साली ‘मरिनर-४’ ने जवळून जाताना टिपलेल्या छायाचित्रांत कालवे तर नव्हतेच, पण दिसली ती चंद्रासारखी विवरांनी भरलेली ओसाड भूमी. मंगळ हा चंद्राचाच थोडा मोठा भाऊ, असा निष्कर्ष तेव्हा निघाला. तो अपुरा होता, कारण त्या यानाने ग्रहाचा जेमतेम एक टक्का भाग पाहिला होता आणि तोही प्रामुख्याने जुना, विवरांनी भरलेला. उरलेल्या मंगळावर ज्वालामुखी होते, खोल दऱ्या होत्या आणि वाहत्या पाण्यानेच कोरले जावेत असे नदीमार्गही होते.

एक ग्रह, दोन चेहरे

मंगळाचा आजचा अचूक उठावदर्शक नकाशा प्रामुख्याने ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ या यानाची देणगी आहे. १९९७ साली मंगळाजवळ पोहोचलेल्या या यानावर लेसर किरणांनी उंची मोजणारे उपकरण होते. यानातून लेसरचा झोत सोडायचा, तो जमिनीवरून परावर्तित होऊन परत येण्यास किती वेळ लागतो हे पाहायचे आणि त्यावरून त्या ठिकाणची उंची काढायची, अशी ही पद्धत. या उपकरणाने अशी साठ कोटींहून अधिक मापने केली.

या नकाशाकडे पाहताक्षणी एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मंगळाचा दक्षिण भाग उंच, खडबडीत आणि असंख्य विवरांनी भरलेला आहे. तर उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश सखल आणि सपाट आहे. दोन्हींच्या उंचीत सरासरी सुमारे पाच किलोमीटरचा फरक आहे. दक्षिणेकडे ग्रहाचे कवच जाड, तर उत्तरेकडे पातळ आहे. एकाच ग्रहाची जणू दोन निरनिराळ्या गोलार्धांत वाटणी झालेली आहे.

असे का झाले असावे? याविषयी दोन मते आहेत. पहिले मत आघाताचे. मंगळ नुकताच घडत असताना एक महाकाय पिंड त्याच्या उत्तर भागावर तिरकस आदळला आणि तेथील कवचाचा मोठा भाग उडवून गेला, असे हे मत सांगते. ही कल्पना १९८४ साली प्रथम मांडली गेली. २००८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तिला बळ मिळाले. थार्सिसच्या ज्वालामुखींचा थर गणिताने बाजूला करून पाहिले असता उत्तरेकडील खोलगट प्रदेशाची सीमा सुमारे १०,६०० किलोमीटर लांब आणि ८,५०० किलोमीटर रुंद अशी लंबवर्तुळाकार असल्याचे त्यात दिसून आले. असा खड्डा पडण्यासाठी आदळणारा पिंड सुमारे १,६०० ते २,७०० किलोमीटर व्यासाचा असावा लागतो. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आघाताची कल्पना येते. हे मत खरे असेल, तर उत्तर मंगळ हे सूर्यमालेतील सर्वांत मोठे ज्ञात आघातविवर ठरते.

दुसरे मत या घडामोडीचे कारण बाहेर न शोधता ग्रहाच्या पोटात शोधते. कवचाखालच्या प्रावरणात उष्ण द्रव्य वर चढते आणि थंड द्रव्य खाली उतरते. तरुण मंगळात हे अभिसरण ग्रहाच्या एकाच बाजूस केंद्रित झाले असेल, तर त्या बाजूचे कवच जाड होऊ शकते. ‘इनसाइट’ यानाने नोंदवलेल्या भूकंपलहरींच्या एका अलीकडील विश्लेषणात दक्षिणेकडील प्रावरण अधिक उष्ण असावे असे संकेत मिळाले असून, ते या दुसऱ्या मताच्या बाजूने जातात. प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीची ती घटना होती की प्रक्रिया, हा वाद आजही चालू आहे.

दक्षिण गोलार्धातील हेलास या खोऱ्याबाबत मात्र असा वाद नाही. सुमारे २,३०० किलोमीटर व्यासाचे हे खोरे आघातानेच निर्माण झाले आहे. त्याचा तळ मंगळाच्या सरासरी पातळीपेक्षा सात किलोमीटरहून अधिक खाली आहे. सारा दख्खनचा प्रदेश त्यात सहज सामावेल. सुमारे चारशे कोटी वर्षांपूर्वी ग्रहांवर लघुग्रहांचा मारा होत होता, त्या काळाची ही खूण. असेच आघात पृथ्वीवरही झाले. परंतु पृथ्वीने त्यांच्या खुणा राखलेल्या नाहीत.

थार्सिस : न हलणाऱ्या कवचावरचे ओझे

मरिनर-९ ला दिसलेले चार ठिपके थार्सिस या भागातले होते. सुमारे पाच हजार किलोमीटर रुंदीचा हा प्रचंड फुगवटा आहे. त्याच्या पाठीवर आर्सिया, पॅव्होनिस आणि अ‍ॅस्क्रियस हे तीन ज्वालामुखी एका रांगेत उभे आहेत. तर वायव्य कडेवर ऑलिम्पस मॉन्स हा सूर्यमालेतील सर्वांत उंच ज्ञात ज्वालामुखी आहे. मंगळाच्या सरासरी पातळीपासून त्याची उंची सुमारे बावीस किलोमीटर भरते. एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ अडीच पट. त्याचा पायथा सुमारे सहाशे किलोमीटर रुंद असून या एका पर्वताने व्यापलेले क्षेत्र जवळजवळ महाराष्ट्राएवढे आहे. माथ्यावरचे मुखकुंड सुमारे ऐंशी किलोमीटर लांब आहे. पर्वताच्या कडेला काही ठिकाणी आठ किलोमीटरपर्यंत उंचीचे कडे आहेत, मात्र त्यांच्यावरचा उतार सरासरी पाच अंशांचाच आहे. एवढा पर्वत आणि असा मंद उतार असल्याने त्याच्या अंगावर उभ्या राहणाऱ्यास आपण पर्वतावर आहोत हे समजणेही कठीण जाईल.

हा मंद उतार लाव्हाच्या स्वभावामुळे आला आहे. बेसाल्टचा लाव्हा पातळ असतो. तो मुखाशी साचून न राहता दूरवर वाहत जातो आणि थरावर थर चढत जाऊन ढालीसारखा पर्वत तयार होतो. हवाई बेटांवरील ज्वालामुखी याच जातीचे आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला तर बेसाल्टची ओळख वेगळी करून द्यायला नको. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या अशाच लाव्हाच्या थरांनी दख्खनचे पठार बनले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे त्याच थरांच्या कडा आणि गडकोटांचा काळा कातळ म्हणजे तोच थिजलेला लाव्हा. फरक असा की, दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि पठार होऊन पसरला. ऑलिम्पसचा लाव्हा एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा येत राहिला आणि पर्वत होऊन वाढला.

पृथ्वीवर असा पर्वत का होऊ शकला नाही? याचे उत्तर हवाई बेटांच्या रांगेत सापडते. तेथेही प्रावरणातून वर येणारा शिलारसाचा उगम दीर्घकाळ जवळजवळ एकाच जागी आहे. परंतु त्याच्यावरचा पॅसिफिक भूपट्ट दरवर्षी काही सेंटिमीटर सरकत राहतो. त्यामुळे एक ज्वालामुखी पुरता मोठा होण्याआधीच उगमापासून दूर जातो, विझतो, झिजतो आणि त्याच्या मागे नवा जन्माला येतो. अशा ज्वालामुखींची सुमारे सहा हजार किलोमीटर लांबीची रांग पॅसिफिकच्या तळावर आहे आणि तिच्या जुन्या टोकाचे वय सुमारे आठ कोटी वर्षे आहे. मंगळावर असे सरकते भूपट्ट नाहीत. तेथील कवच एकसंध आहे. उगम स्थिर आणि कवचही स्थिर. मग जो शिलारस पृथ्वीवर शेकडो किलोमीटरच्या रांगेत विभागला गेला असता, तो एकाच जागी साठत राहिला. त्यात मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या केवळ ३८ टक्के. त्यामुळे एवढी उंची पेलणे तेथील खडकाला शक्य झाले.

तथापि, एवढे ओझे ग्रहाने निमूटपणे सोसले असे नाही. थार्सिसचा मोठा भाग सुमारे ३७० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत तयार झाला होता, असे मानले जाते. त्याच्या भाराने भोवतालचे कवच वाकले आणि तडकले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मंगळावरील अनेक प्राचीन नदीमार्गांची दिशा थार्सिसच्या भाराने निर्माण झालेल्या उताराशी जुळते. म्हणजे आधी थार्सिस आणि मग नद्या. २०१६ साली मांडल्या गेलेल्या दुसऱ्या संशोधनाने हा क्रम वेगळा लावला. या फुगवट्यामुळे ग्रहाचे संपूर्ण कवच आणि प्रावरण आतल्या गाभ्याच्या तुलनेत २० ते २५ अंशांनी कलले आणि नद्या त्याआधीच्या किंवा त्याच सुमाराच्या आहेत, असे त्यात म्हटले होते. हा केवळ क्रमाचा तांत्रिक वाद नव्हे. ज्वालामुखी आधी असतील, तर त्यांनी ओकलेल्या वायूंनी मंगळाला ऊब दिली आणि पाणी वाहिले, असे म्हणता येते. नद्या आधीच्या असतील, तर त्या उबेचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

पाण्याने न कोरलेली दरी

थार्सिसच्या पूर्वेला व्हॅलिस मरिनेरिस सुरू होते. चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीची ही दऱ्यांची मालिका मंगळाच्या परिघाचा जवळजवळ पाचवा भाग व्यापते. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत भारताचा उत्तर-दक्षिण विस्तार सुमारे ३,२०० किलोमीटर आहे. ही दरी त्याहूनही लांब. तिची खोली काही ठिकाणी सात किलोमीटरहून अधिक आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध ग्रँड कॅन्यन सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि दीड-पावणेदोन किलोमीटर खोल आहे. २०१५ साली भारताच्या मंगळयानाने या मालिकेतील ओफिर दरीची छायाचित्रे टिपली होती.

ग्रँड कॅन्यनशी तुलना आकारासाठी ठीक. पण जन्माच्या दृष्टीने दोन्हींत साम्य नाही. ग्रँड कॅन्यन कोलोरॅडो नदीने कोरला. व्हॅलिस मरिनेरिस मुख्यतः ताणामुळे निर्माण झाली. थार्सिस वर उचलला जात असताना त्याच्या बाजूचे कवच ताणले गेले, समांतर भेगा पडल्या आणि भेगांमधली जमीन खाली खचली. पूर्व आफ्रिकेतील खचदरी याच तत्त्वाने बनली आहे. पुढे कड्यांवरून प्रचंड दरडी कोसळल्या आणि दरी रुंद होत गेली. त्यांतील काही दरडींचा मलबा दरीच्या तळावर कित्येक किलोमीटरपर्यंत पसरलेला स्पष्ट दिसतो.

पाण्याचा संबंध येतो तो दरीच्या पूर्व टोकाशी. तेथे जमीन ढासळून गोंधळल्यासारखी पडली आहे आणि त्या पडझडीतून उत्तरेकडे रुंद पूरमार्ग निघाले आहेत. भूगर्भात गोठून राहिलेले पाणी एकाएकी बाहेर फुटले आणि वरची जमीन आत बसली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. असे पूर पृथ्वीवरही आले आहेत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील खरवडलेली भूमी हिमयुगाच्या अखेरीस मिसूला सरोवराचा बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा फुटल्याने तयार झाली. १९२० च्या दशकात हार्लन ब्रेट्झ यांनी महापुराची कल्पना मांडली, तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांनी ती धुडकावून लावली होती. पुढे पुराव्यांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले आणि मंगळावरील पूरमार्ग ओळखण्यासाठी तीच भूमी नमुना म्हणून उपयोगी पडली. १९९७ साली ‘पाथफाइंडर’ यान मुद्दाम अशाच एका पूरमार्गाच्या मुखाशी, एरीस व्हॅलिसमध्ये उतरवण्यात आले.

दक्षिणेकडील प्राचीन नदीजाळी मात्र वेगळी. तेथे लहान प्रवाह एकत्र येऊन मोठे होतात. पावसाच्या किंवा वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्याने हळूहळू कोरल्यासारखी ती दिसतात. जेझेरो या सुमारे ४५ किलोमीटर व्यासाच्या विवरात अशीच एक नदी शिरत होती आणि तिने तेथे त्रिभुज प्रदेश रचला होता. म्हणूनच २०२१ सालच्या फेब्रुवारीत ‘पर्सिव्हरन्स’ ही गाडी तेथे उतरवण्यात आली.

विवरांचे पंचांग

या साऱ्या घटनांचा काळ ठरवायचा कसा? मंगळावरून निवडून आणलेला एकही खडक अद्याप प्रयोगशाळेत नाही. त्यामुळे शास्त्रज्ञ विवरे मोजतात. जी जमीन जितकी जुनी, तितके तिच्यावर आघात अधिक. चंद्रावरून आणलेल्या खडकांची वये ठाऊक असल्याने तेथील विवरांच्या घनतेशी तुलना करून मंगळावरील प्रदेशांची वये अदमासता येतात. या पंचांगानुसार दक्षिणेकडील उंच प्रदेश चारशे कोटी वर्षांच्या आसपास जुने. तर ऑलिम्पसच्या उतारावरील लाव्हाचे काही ओघ केवळ काही कोटी किंवा त्याहूनही कमी वर्षांचे आहेत.

या गणनेसाठी बेसाल्टवर आघात झाला की नेमके काय होते, हे समजणे आवश्यक असते. पृथ्वीवर बेसाल्टमधील सुस्थितीत टिकलेली आघातविवरे अगदी विरळ. त्यांतील एक बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराचा अभ्यास करण्यासाठी देशोदेशीचे ग्रहवैज्ञानिक येतात. कारण मंगळावरील लाखो विवरांचा हा हाताशी असलेला जुळा आहे. लोणारचे पाणी, काठ आणि खडक जपणे हा म्हणूनच केवळ पर्यटनाचा प्रश्न राहत नाही.

थंडावलेल्या गाभ्याची किंमत

मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे एक दशांश आहे. लहान वस्तू लवकर निवते, हा स्वयंपाकघरातील अनुभव ग्रहांनाही लागू पडतो. मंगळाच्या गाभ्यात एके काळी द्रव लोहाचे प्रवाह होते आणि ते ग्रहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करीत होते. दक्षिणेकडील जुन्या खडकांत त्या चुंबकत्वाच्या खुणा गोठून राहिल्या आहेत. हेलास खोऱ्याच्या तळाशी त्या जवळजवळ नाहीत. त्यावरून चुंबकीय क्षेत्र किती लवकर विझले याचा अंदाज बांधला जातो. क्षेत्र विझल्यावर सौरवाऱ्यापासून मिळणारे संरक्षण कमी झाले. ‘मेव्हन’ यानाच्या मापनांवरून २०१७ साली असा निष्कर्ष काढण्यात आला की, मंगळाच्या वातावरणात कधी काळी असलेल्या आर्गॉन वायूपैकी सुमारे दोन तृतीयांश अवकाशात निघून गेला. वातावरण विरळ झाले, पृष्ठभागावरील पाणी टिकेनासे झाले. काही अवकाशात गेले, काही बर्फ होऊन ध्रुवांपाशी आणि जमिनीखाली राहिले, तर काही खनिजांत बंदिस्त झाले.

तरीही मंगळ पूर्णपणे निष्प्राण नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या डिसेंबरपर्यंत कार्यरत असलेल्या इनसाइट यानाने तेराशेहून अधिक कंप नोंदवले. त्यांतील सर्वांत मोठा ४ मे २०२२ रोजी झाला. त्याची तीव्रता सुमारे ४.७ होती. अनेक कंपांचा उगम सर्बेरस फॉसी या भेगांच्या प्रदेशात असल्याचे आढळले आणि त्या भेगांभोवती तुलनेने ताज्या ज्वालामुखी क्रियेच्या खुणा आहेत. या कंपलहरींमुळेच मंगळाच्या कवचाची सरासरी जाडी ४२ ते ५६ किलोमीटर असल्याचे अनुमान निघाले.

पृथ्वी आणि मंगळ एकाच काळी, जवळजवळ सारख्याच द्रव्यातून घडले. पृथ्वीच्या भूपट्टांनी मात्र आपला जुना कातळ पुन्हा पुन्हा गिळला आणि पाऊस-वाऱ्याने उरलेला झिजवला. त्यामुळे पहिल्या पन्नास कोटी वर्षांचा तिचा इतिहास जवळजवळ पुसला गेला आहे. येथे सजीवांचा उगम कोणत्या परिस्थितीत झाला, हे सांगणारी पानेच गहाळ आहेत. ती पाने कोठे शाबूत असतील, तर ती मंगळाच्या दक्षिणेकडील विवरांत आणि जेझेरोसारख्या कोरड्या सरोवरांत. पर्सिव्हरन्सने तेथील खडकांचे नमुने नळ्यांत भरून ठेवले आहेत. ते पृथ्वीवर आणणे अद्याप शक्य झालेले नाही. ते येतील तेव्हा विवरांच्या मोजणीवर आधारलेल्या पंचांगाला पक्क्या तारखा मिळतील आणि नद्या आधी की ज्वालामुखी आधी, या प्रश्नाचेही उत्तर कदाचित हाती येईल. तोवर मरिनर-९ ने केले तेच करणे शास्त्रज्ञांच्या हाती आहे : धूळ खाली बसेपर्यंत थांबणे आणि पाहत राहणे.